साठ ते ऐंशीच्या दशकांतला जुना ट्रॅक्टर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिंद्रा बी-२७५, एचएमटी २५११, फोर्ड ३६००, मॅसी १०३५, एस्कॉर्ट ३३५ ही नावं निघाली की अजूनही बांधावर गप्पा रंगतात. यातले कित्येक ट्रॅक्टर आज घरातल्या तिसऱ्या पिढीच्या हातात आहेत आणि नांगरट, पेरणी, मळणी निभावताहेत. असा ट्रॅक्टर कामाला घेऊ पाहणारे आणि हौसेने जपू पाहणारे, दोघेही जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे आहेत. भर किमतीवर आहे, कारण फसगत तिथेच होते.

जुना म्हणजे नेमका कोणता ट्रॅक्टर?

इथे साधारण १९६० ते १९९० या काळातले ट्रॅक्टर धरले आहेत. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा. तो २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. १९६० मध्ये मद्रासला टॅफे उभी राहिली आणि तिच्यामार्फत मॅसी फर्ग्युसन इथे बनू लागले. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर १९६३ मध्ये कंपनी काढली, बी-२७५ तिथला. एस्कॉर्ट्सने आधी पोलंडच्या उर्ससशी आणि पुढे फोर्डशी करार केला. एचएमटीने १९७१ मध्ये पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रावर उत्पादन सुरू केलं. १९७४ मध्ये पंजाबातून स्वराज ७२४ आला, त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत झालेला, म्हणजे पूर्ण देशी. आपल्या नाशिकला किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झबरोबर ट्रॅक्टर काढले होते.

ही वंशावळ पाठ असणं फायद्याचं आहे. कोणत्या ट्रॅक्टरला कोणाचा पार्ट बसेल, कोणाचं इंजिन कोणत्या घराण्यातलं, हे तिच्यावरून कळतं. उदाहरणार्थ, मॅसीला चेन्नईच्या सिम्पसनचं इंजिन असतं आणि ते पर्किन्सच्या घराण्यातलं. फोर्ड ३६०० चे बरेच पार्ट एस्कॉर्ट्सच्या सुरुवातीच्या फार्मट्रॅकशी जुळतात. स्वराजच्या इंजिनामागे किर्लोस्कर आहे. किंमत ठरवताना हे सगळं कामाला येतं.

'विंटेज' म्हणून आरटीओत वेगळी नोंद होते का?

नाही. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे जे नियम केले ते पन्नास वर्षांवरच्या दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना लागू आहेत. ट्रॅक्टर कितीही जुना असला तरी तो साध्या आरसीवरच चालतो.

पंधरा वर्षांनंतर ट्रॅक्टर भंगारात काढावाच लागतो असं म्हणतात, खरं का?

खरं नाही. शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने खासगी, म्हणजे बिगर-वाहतूक वाहनात मोडतो. पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे आरटीओ पाहणी करून दर वेळी ५ वर्षांनी ती वाढवून देतं. दिल्लीच्या आसपासच्या जिल्ह्यांत दहा वर्षांवरच्या डिझेल वाहनांवर जे निर्बंध आले, त्यांचा आणि महाराष्ट्राचा संबंध नाही. "आता हा भंगारातच जाणार, द्या स्वस्तात" असं सांगून एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून चांगला ट्रॅक्टर उचलणारे दलाल आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

कामासाठी घ्यायचा असेल तर कोणतं मॉडेल बघावं?

तुमच्या तालुक्याच्या गावी ज्या ट्रॅक्टरचा मिस्त्री आणि पार्ट दोन्ही मिळतात, ते. इतर सगळं नंतर.

तालुक्याच्या बाजारात पार्टच्या दुकानात जा आणि त्या मॉडेलची क्लच प्लेट, पिस्टन-लायनरचा संच, लिफ्टचे (म्हणजे मागे अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकचे) सील, पुढच्या चाकाचं बेअरिंग अशा चार वस्तूंचे भाव विचारा. दुकानदाराने फळीवरून काढून दिलं तर निश्चिंत राहा. "मागवून देतो" म्हणाला तर तो ट्रॅक्टर ऐन वाफशावर आठवडाभर उभा राहणार हे धरून चाला. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला, तरी २५११ आणि ३५११ इतके विकले गेलेत की खासगी कारखानदारांचे पार्ट अजून येतात. दर्जा मात्र एकसारखा नाही, निवडून घ्यावे लागतात. त्या काळात बाहेरून आलेले रशियन किंवा रुमानियन ट्रॅक्टर दणकट असतात, पण पार्टसाठी लेथवाल्याकडे खेटे घालायची तयारी हवी.

अश्वशक्तीचे आकडे विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात त्या मॉडेलची पीटीओवरची (म्हणजे मागे रोटाव्हेटर, मळणी यंत्र फिरवणाऱ्या दांड्यावरची) ताकद, ओढ, डिझेलचा खप सगळं दिलेलं असतं. अहवाल मिळाला तर जरूर वाचा.

बघायला जाताना काय काळजी घ्यावी?

सकाळी जा आणि आधी कळवताना एवढंच सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर आणि सिलिंडर हेडवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं होतं असं समजा. थंडीत सुरू व्हायला त्रास देणारं इंजिन आधी तापवून ठेवणं ही जुनी युक्ती आहे. अशा वेळी चहा घ्या, दोन तास थांबा, किंवा पुन्हा या.

बरोबर त्या मॉडेलवर हात बसलेला मिस्त्री न्या आणि त्याची दिवसाची मजुरी द्या. सौदा जमवून देण्याचं कमिशन विक्रेत्याकडून घेणारा मिस्त्री नको.

इंजिन चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. तेल काळं असणारच, त्याचं काही नाही. पण ते दुधाळ, ताकासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा आणि पाण्यावर तेलाचा तवंग आहे का पाहा. मग खाली वाकून रेडिएटर आणि ब्लॉकच्या ड्रेन कॉकभोवती बोट फिरवा. पांढरी खरखरीत पुटं लागली तर वर्षानुवर्षं विहिरीचं किंवा बोअरचं क्षाराचं पाणी घातलेलं आहे. आत पाण्याच्या वाटा बुजत आल्या असतात, आणि असं इंजिन उन्हाळ्याच्या नांगरटीत हमखास तापतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतून हेडला चीर पाडलेले ट्रॅक्टरही असतात. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट तरी गेलंय किंवा हेड तरी.

आता धूर. सुरू होताना थोडा पांढरा धूर येऊन विरला तर ठीक, बी-२७५ सारख्या जुन्या धाटणीच्या इंजिनात तो येतोच. गरम झाल्यावरही निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल खातंय: रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड. ओझ्याखाली काळा धूर आला तर आधी एअर क्लीनर, मग नोझल, मग पंप. काळ्या धुराला घाबरायचं कारण नाही, पंप-नोझलच्या कामात तो बहुधा जातो. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि पाणी कमी होत जाणं, ही जोडी वाईट.

अर्धा तास ओझ्यावर चालवून इंजिन नीट तापू द्या. मग तेल भरायचं झाकण सैल करा. वाफेचा फुसफुसाट हाताला ढकलत असेल तर सिलिंडरमधला दाब खाली निसटतोय. त्याच वेळी मंद गतीवर ऑइल प्रेशरचा काटा बघा. थंड इंजिनावर काटा वर दिसतो म्हणून समाधान मानू नका, गरम झाल्यावर मंद गतीवर तो कुठे बसतो ते खरं. आणि काटाच मेलेला असेल तर मिस्त्रीकडून दुसरा मीटर लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

इंजिन उतरलेलं असेल तर सौदा सोडून द्यावा का?

लगेच सोडू नका. माझं ठाम मत आहे की जुन्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाला लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात आणि मागच्या भागाला गरजेपेक्षा कमी. पिस्टन-लायनर, रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह हे घिसणारे भाग आहेत आणि नेहमीच्या मॉडेलचे संच तयार मिळतात. चांगला मिस्त्री इंजिन बांधून देतो आणि पुढची कित्येक वर्षं ते चालतं. उतरलेलं इंजिन ही भावात मोठी सूट मागण्याची जागा आहे. गिअर बॉक्सचं घर तडकलेलं असेल किंवा आरसी नसेल, तर तिथे मात्र सूट कितीही मिळाली तरी थोडीच.

मग मागच्या भागात काय बघायचं?

ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. इंजिन, क्लच हौसिंग, गिअर बॉक्स आणि मागचा एक्सल हे बिडाचे डबे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तेच त्याचा कणा. म्हणून जिथे दोन डबे जुळतात तिथला मळ खरवडून बघा. वेल्डिंगचा ओघळ, पितळ भरल्याची पिवळी रेघ, सिमेंटसारखं भरलेलं एम-सील, किंवा एकाच ओळीतले दोन-तीन बोल्ट वेगळ्या मापाचे, यातलं काहीही दिसलं तर तिथे मोडलेलं आहे. बीड वेल्डिंगला नीट धरत नाही. मूळ भाग भंगारातून मिळाला तरी ट्रॅक्टर दोन ठिकाणी फोडावा लागतो.

गिअरचं तेल तपासायला ड्रेन बोल्ट जरा सैल करून पहिल्या काही थेंबांकडे बघा. पाणी असेल तर तेच आधी पडतं. तेल दोन बोटांत चोळून उन्हात धरा. चांदीसारखी बारीक चमक थोडी असायचीच, पण कण टोचले तर दात तुटताहेत.

मग चालवा. प्रत्येक गिअरमध्ये, रिव्हर्ससकट. उतारावर गिअरमध्ये ठेवून रेस सोडा: गिअर आपोआप बाहेर पडला तर फोर्क किंवा दात झिजलेत. कल्टिव्हेटर लावून रानात पूर्ण खोलीवर ओढा, तिथे क्लच घसरतो का ते कळेल. पुढे-मागे घेताना मागून 'ठक्' असा जोराचा आवाज आला तर क्राउन-पिनियनमध्ये, म्हणजे मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या दातांच्या जोडीत, ढिलाई आहे. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून चाक जागच्या जागी वळतं का पाहा. मागच्या ड्रमवर तेल उतरलं असेल तर एक्सलचं सील गेलंय, आणि नुसतं सील घालून चालत नाही, ब्रेकचे लायनिंगही गेलेले असतात.

लिफ्ट कशी तपासावी?

गरम तेलावर. थंड तेलावर सगळ्याच लिफ्टा उचलतात. नांगर किंवा रोटाव्हेटरसारखं जड अवजार वर घेऊन इंजिन बंद करा आणि घड्याळ लावून बघा. काही मिनिटांत अवजार किंचित उतरलं तर जुन्या ट्रॅक्टरला चालून जातं. डोळ्यांदेखत खाली बसलं तर पिस्टनचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह बघावा लागेल. इंजिन चालू असताना अवजार वर थरथरत राहणं हेही त्याचंच लक्षण.

मॅसीमध्ये हॅरी फर्ग्युसनने आणलेली खोली-नियंत्रणाची व्यवस्था असते, म्हणजे रान कठीण लागलं की टॉप लिंकवरचा (अवजाराला वरून धरणाऱ्या दांडीवरचा) दाब वाढतो आणि लिफ्ट अवजार थोडं वर घेते. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत ही जोडणी कुणीतरी काढून टाकलेली असते. नांगर धरणाराला फरक लगेच कळतो, म्हणून तेही रानात तपासा.

पीटीओ चालतो एवढं पुरे का?

क्लच सिंगल आहे की डबल ते विचारा. सिंगल असेल तर क्लच दाबला की पीटीओही थांबतो, आणि रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालवताना पदोपदी अडचण होते. रोटाव्हेटर चालवायचा असेल तर डबल क्लचच घ्या. पीटीओच्या शाफ्टचे सहा दात नखाने चाचपा. कडा धारदार आणि एका बाजूला झुकलेल्या असतील तर त्याने खूप काम केलंय.

ट्रॅक्टर आधी कोणत्या कामाला जुंपलेला होता हे कसं कळेल?

विक्रेता "घरचीच शेती" म्हणेल, पण ट्रॅक्टर स्वतः सांगतो. ऊस कारखान्याला डबल ट्रॉली ओढलेल्या ट्रॅक्टरचं हूक आणि त्याचं भोक बघा. गोल भोक लांबट अंडाकृती झालेलं असतं, हुकाची प्लेट पुन्हा पुन्हा वेल्ड केलेली असते, मागचे टायर मधोमध गुळगुळीत होतात, कारण ते डांबरी रस्त्यावर घासलेत. ओव्हरलोड ट्रॉलीने पुढचा भाग उचलू नये म्हणून बंपरवर वजनं किंवा दगड बांधल्याच्या खुणाही दिसतात. असा ट्रॅक्टर क्लच, ब्रेक आणि मागच्या एक्सलला मार खाल्लेला असतो.

कोकणात किंवा मावळ, भोर, आजरा अशा भाताच्या पट्ट्यात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या हबमध्ये आणि ब्रेकमध्ये पाणी गेलेलं असतं. पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. कर्कर आवाज आला तर बेअरिंग गेलं. चाक वर-खाली हलवून किंगपिन आणि बुश तपासा, पुढच्या एक्सलची मधली पिनही. स्टिअरिंग अर्धा वेढा फिरवूनही चाक हललं नाही तर बॉक्सचं काम आहे.

सगळ्यात चांगला ट्रॅक्टर म्हणजे एकहाती, पाच-सात एकरांच्या मालकाचा, सावलीत उभा राहिलेला. असा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

मीटरवर तास कमी दिसतात, धरायचे का?

नाही. या वयाच्या ट्रॅक्टरचा तासमीटर बंद पडलेला किंवा बदललेला असतो. पेडलची झिजलेली कड, गिअरची मूठ आणि हुकाचं भोक यांच्यावर भरवसा ठेवा.

टायर चांगले दिसतात. त्यांचं वय कसं कळतं?

बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी उंच असूनही बाजूला चिरा पडलेल्या असतील तर रबर वाळलंय. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरण्याची पद्धत आहे, त्यामुळे रिम आतून गंजतं. व्हॉल्व्हच्या भोवती तांबूस फुगवटा दिसला की रिम बदलायची तयारी ठेवा. मागची जोडी हा मोठा खर्च आहे, आणि १२.४×२८ की १३.६×२८ हे माप बघून भाव आधी काढून ठेवा.

चकचकीत नवा रंग असलेला घ्यावा का?

मी स्वतः उन्हाने फिका पडलेला, तेलकट, मूळ रंगाचा ट्रॅक्टर जास्त भरवशाचा मानतो. त्याच्यावर कुठे गळतंय, कुठे उघडलंय, सगळं दिसतं. विक्रीच्या तोंडावर मारलेला रंग रबरी पाइपांवर, वायरींवर आणि कंपनीच्या पाटीवरही गेलेला असतो. रंगकामाचे पैसे किमतीत धरू नका.

कागदपत्रांत काय काय तपासायचं?

आरसी, विमा, आणि ट्रॉली असेल तर तिची वेगळी आरसी. १९८९ आधी नोंद झालेल्या ट्रॅक्टरचे नंबर आजच्या 'एमएच १२' अशा धाटणीचे नसतात. अशा जुन्या नंबरची नोंद परिवहन विभागाच्या संगणकात चढलेली असेलच असं नाही. ऑनलाइन शोधून काही आलं नाही तर घाबरू नका, पण सौदा पक्का करण्याआधी विक्रेत्यालाच आरटीओत पाठवून जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग नोंद करून घ्यायला सांगा. ही मेहनत विक्रेत्याची.

मग ट्रॅक्टरवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर. मळ पुसून त्यावर पातळ कागद धरा, शिसपेन्सिल आडवी घासा. उमटलेला ठसा आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. इंजिन बदललेलं असणं या वयात नेहमीचं आहे, पण त्याची आरसीवर नोंद हवी. चासी नंबरच्या जागी घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा, कितीही स्वस्त असला तरी.

नोंदणीची मुदत संपून किती काळ झाला तेही बघा. नूतनीकरणाला उशीर झाल्याचा आकार महिन्यागणिक वाढत जातो, म्हणून एकूण रक्कम आरटीओतून आधी काढून घ्या आणि किमतीतून वजा करा. एप्रिल २०१९ आधीच्या वाहनांना महाराष्ट्रात नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते, तीही या खर्चात धरा.

आरसी आजोबांच्या नावावर आहे आणि ते वारले. नातू विकतोय. चालेल का?

खेड्यात सगळ्यात जास्त अडकणारा सौदा हाच. नातवाची सही पुरत नाही. आधी मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं आणि इतर वारसांची संमती घेऊन नमुना ३१ वर ट्रॅक्टर एका वारसाच्या नावावर झाला पाहिजे, मग त्याच्याकडून तुमच्या नावावर. लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणी याही वारस असतात, त्यांना वगळून केलेला कागद पुढे भांडणात सापडतो. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आरसीवर बँकेचा बोजा दिसतो. मालक म्हणतो कर्ज कधीच फिटलंय.

फिटलंही असेल, पण बोजा कागदाने उतरतो. बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ लागतो. जुन्या ट्रॅक्टरांवर भूविकास बँकेचा बोजा बऱ्याचदा आढळतो. ती अवसायनात निघाली, काही सहकारी बँका दुसऱ्यांत विलीन झाल्या, त्यामुळे दाखला कोण देणार हे शोधण्यातच वेळ जातो. हे शोधकाम मालकाने करावं, तुम्ही इसार देऊन त्यात अडकू नये.

ओपन फॉर्मवर घेतला तर काय बिघडतं?

सह्या केलेले कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म तीन-चार हातांतून फिरतात आणि ट्रॅक्टर कुणाच्याच नावावर चढत नाही. मधल्या काळात अपघात झाला तर नोंदीतला मालक जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे विकणाराही फसतो. घेणाऱ्याला विमा नीट काढता येत नाही आणि पुढे विकायची वेळ आली की मूळ मालक सापडत नाही. विकल्याची खबर १४ दिवसांत देणं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायला अर्ज देणं, हा साधा नियम पाळा.

पंजाबातून आलेला ट्रॅक्टर स्वस्त पडतो म्हणतात.

पडतो कधी कधी. मोगा, बर्नाला, तलवंडी भाई इथे जुन्या ट्रॅक्टरांचे मोठे बाजार आहेत आणि तिथून गाड्या भरून ट्रॅक्टर आपल्याकडे येतात. मूळ आरटीओची नमुना २८ वरची एनओसी हातात असल्याशिवाय बघायलाही जाऊ नका. त्या बाजारांत ट्रॅक्टर रंगवून, दोन-तीन ट्रॅक्टरांचे भाग एकत्र करून उभा करणारे हात फार तयार आहेत. वाहतूक, कर, नवी नोंदणी धरली की फरक बऱ्याचदा पुसला जातो.

आता मुख्य प्रश्न: किंमत ठरवायची कशी?

वर्ष बघून नाही. १९८२ चा जपलेला १९९० च्या झिजलेल्यापेक्षा महाग असू शकतो आणि असावाच.

सुरुवात आजूबाजूच्या झालेल्या सौद्यांपासून करा. जाहिरातीतले भाव म्हणजे विक्रेत्याची इच्छा, प्रत्यक्ष किती रुपये हातावर पडले ते गावात विचारलं की कळतं. पुढे पहिल्या वर्षात कराव्या लागणाऱ्या कामांची यादी मिस्त्रीसमोर बसून करा आणि ती रक्कम वजा करा. समजा, तसाच कागद पूर्ण आणि कामाला तयार असलेला ट्रॅक्टर २ लाख १० हजारांना गेला. तुमच्या ट्रॅक्टरला मागचे टायर ४० हजार, क्लच १२ हजार, पंप-नोझल १० हजार, नूतनीकरण आणि कागद ८ हजार लागणार. बेरीज ७० हजार, म्हणजे उरले १ लाख ४० हजार. जुनं यंत्र उघडल्यावर न दिसलेलं काहीतरी निघतंच, त्यासाठी १५ हजार बाजूला ठेवा. तुमची मर्यादा १ लाख २५ हजार. आकडे फक्त रीत समजण्यासाठी आहेत, भाव तुमच्या बाजाराचे घाला.

खालची पायरी भंगाराची. या वर्गातला ट्रॅक्टर साधारण दीड ते दोन टनांचा असतो. वजन गुणिले त्या आठवड्याचा बिडा-लोखंडाचा भाव, याच्या खाली कुणी विकणार नाही. कागद नसलेल्या ट्रॅक्टरची किंमत या पायरीच्या आसपासच ठेवा, तो रस्त्यावर आणता येत नाही.

वरची पायरी नव्या ट्रॅक्टरची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर, आणि ट्रॅक्टरचे टायर व सुटे भाग यांच्यावरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या सौद्यांचे भाव कुणी पुढे केले तर हे दाखवून बोला.

हौसेसाठी जपायचा असेल तर किंमत वेगळी धरायची का?

हो, तिथे मूळपणाला भाव. पुढची जाळी, कंपनीची पाटी, मूळ मीटर, मडगार्ड, सीट, दिवे, हवेची टोपी, चाकं. इंजिनाचे आतले भाग मिळतात, ही पत्र्याची आणि मीटरची चीजवस्तू मिळत नाही. म्हणून बंद पडलेला पण अंगावर सगळं मूळ असलेला बी-२७५ हौशी माणसाला चालू पण अर्धा बदललेल्यापेक्षा जास्त मोलाचा. पहिल्या खरेदीची पावती, मालकाची पुस्तिका, जुना फोटो असेल तर मागून घ्या.

गुंतवणूक म्हणून मात्र घेऊ नका. आपल्याकडे अशा ट्रॅक्टरांचे खरे हौशी अजून मोजके आहेत, विकायला निघाल्यावर गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही. दोन-पाच माणसांनी जपले तरी इतिहास उरेल या भावनेने घ्यायचा असेल तर मनापासून घ्या. एचएमटी २५११ चा दोन सिलिंडरचा ठोका पुढच्या पिढीने प्रत्यक्ष ऐकावा असं मलाही वाटतं.

बरीच वर्षं उभा असलेला लगेच सुरू करून बघू का?

नको. आधी जुनं डिझेल आणि ऑइल काढा, फिल्टर बदला, एअर क्लीनरमध्ये उंदरांनी घर केलंय का बघा. नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि इंजिन हाताने फिरवा. फिरलं तरच सेल्फ मारा. पंपाचे रबरी सील वाळलेले असतात, तो गळला तर सील बदलणं हे लहान काम आहे.

जुन्या ट्रॅक्टरमध्ये सुरक्षेचं काय?

यातले बरेच ट्रॅक्टर गिअरमध्ये असतानाही सेल्फ घेतात आणि उडी मारतात. जमिनीवर उभं राहून, स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ जोडून सुरू करण्याची सवय जिवावर बेतते. पीटीओवर झाकण बसवून घ्या, रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना अडकवा, आणि मडगार्डवर लेकराला बसवू नका.

इसार किती द्यावा आणि पावतीवर काय लिहावं?

थोडाच द्या, आणि पैसे बँकेतून पाठवा. पावतीवर दोघांची नावं आणि पत्ते, नंबर, चासी आणि इंजिन नंबर, ठरलेली किंमत, बोजा व थकीत कर कोणी भरायचा, नावावर करून देण्याची तारीख, ट्रॉली, टॉप लिंक, हूक असं काय काय बरोबर येणार, आणि नाव चढलं नाही तर इसार परत, हे सगळं लिहा. दोन साक्षीदार घ्या. ट्रॅक्टर कोणत्या तारखेला आणि किती वाजता ताब्यात घेतला तेही लिहून दोघांनी सह्या करा, त्या वेळेआधीचा दंड किंवा अपघात तुमच्यावर येत नाही. उरलेली रक्कम नमुना २९, ३० आणि आरसी हातात पडल्यावर.